उष्टं पाणी

"आज तूच उभी राहा," सर म्हणाले. "संवाद तुला तोंडपाठ आहेत."

चौकात गर्दी जमली होती आणि नेहमीच्या नटीचा घसा असा बसला होता, की तोंडातून नुसती हवा येत होती. एड्सवरच्या पथनाट्यात रोगी बाईचं काम तिचं. ते आता कपडेवाल्या ताईच्या गळ्यात पडलं. ताई मंडळींचे कपडे सांभाळायची, ढोल उचलायची आणि खेळाआधी टेबलावरचा ग्लास पाण्यानं भरून ठेवायची. शिवाय त्या अख्ख्या मंडळीत खरोखर एचआयव्ही असलेलं माणूस ती एकटीच. सगळ्यांना माहीत होतं. देणगीदार आले की सर तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "ही आमची वाघीण!"

वाघिणीला आनंद झाला, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं ती स्वतःचीच गोष्ट टेम्पोच्या फळीवर बसून दुसरीच्या तोंडून ऐकत होती. आज ती स्वतः बोलणार होती, तेही भर चौकात. नटीची शाल तिनं घाईघाईनं अंगावर ओढली.

नाटकात सर डॉक्टर व्हायचे. पांढरा कोट घालायचे आणि आवाज असा लावायचे, की चौकातली कुत्रीसुद्धा कान टवकारायची. "लोकहो! आज जगात चार कोटी माणसं हा विषाणू अंगात घेऊन जगताहेत. औषध आहे! रोज गोळी घेतली की माणूस तुमच्या-आमच्यासारखा जगतो. तरी माणसं मरताहेत. कशानं? त्यांच्या लाजेनं आणि तुमच्या भीतीनं!"

मग ठरलेला प्रसंग. बाईनं अर्धा ग्लास पाणी प्यायचं. उरलेलं उष्टं पाणी डॉक्टरनं गटागटा संपवायचं आणि रिकामा ग्लास आपल्याच डोक्यावर उपडा धरायचा. इथं टाळ्या हमखास. ग्लास काचेचाच हवा, हा हट्ट सरांचा. अगदी मागच्या माणसालाही पाणी दिसलं पाहिजे, म्हणायचे.

ताई अर्धा ग्लास प्यायली आणि तिनं तो पुढे केला. सरांनी तोंडाला लावला. मान मागे टाकली, गळ्याची घाटी वरखाली केली, रुमालानं ओठ टिपले आणि ग्लास पटकन औषधांच्या पेटीमागे ठेवून दिला. डोक्यावर उपडा केला नाही. कसा करणार? हातभर अंतरावरून ताईनं पाहिलं होतं, ओठ मिटलेले होते.

आता वाक्य तिचं होतं. 'बघा, डॉक्टर माझं उष्टं पाणी प्यायले!'

ते काही तिच्या तोंडून बाहेर पडेना. तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्या न कळत्या बाईनं असं केलं असतं, तर ताईनं तिला जवळ बसवून समजावलं असतं. पण हा माणूस? गावोगाव हेच सांगत हिंडणारा? निरोगी नटीचं उष्टं रोज शेवटच्या थेंबापर्यंत पिणारा? म्हणजे इतके दिवस हा फक्त पाणीच पीत होता!

"पुढचं बोल," सर दात आवळून कुजबुजले.

ताईनं पेटीमागचा ग्लास काढला आणि उंच धरला. "लोकहो, पाणी होतं तेवढंच आहे. डॉक्टर प्यायलेच नाहीत."

गर्दीला वाटलं, हेही नाटकातलंच. खसखस पिकली. "प्या की डॉक्टर!" भाजीवाली ओरडली. "आम्हाला तेवढं ज्ञान शिकवता होय!" मग पोराटोरांनी ठेकाच धरला, प्या, प्या, प्या. आणि मंडळीतला ढोलवाला इतका भोळा, की त्या ठेक्यावर ढोल बडवायला लागला.

सर प्यायले. डोळे घट्ट मिटून, एरंडेल प्यावं तसे. टाळ्यांनी चौक दणाणून गेला.

खेळ संपला. शाल ठेवायला ताई टेम्पोमागे गेली, तर सर तिथं वाकून उभे. बाटलीतल्या पाण्यानं खळखळून चुळा भरत होते. एक झाली, दुसरी झाली, मग बोट घालून हिरड्या घासल्या. तिला पाहिलं तसे ताठ झाले.

"धूळ गेली गं तोंडात," म्हणाले.

मंडळी टेम्पोत चढली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. फळीवर ऐसपैस बसल्यावर सरांचा आवाज पुन्हा ठिकाणावर आला. "ते 'प्या की डॉक्टर' झकास जमलं हं! लोकांनी डोक्यावर घेतलं. कायमचं ठेवू या. ताई, नटीला शिकव. घसा सुटला की ती करेल. तू आपले कपडे बघ."

बिनआवाजाच्या नटीनं मान हलवली. ढोलवाला म्हणाला, "कल्पना छान आहे, सर."

ताईनं पेटी उघडली. ग्लास काढला, काठोकाठ भरला. सगळ्यांच्या देखत अर्धा प्यायली आणि उरलेला सरांसमोर ढोलावर ठेवला.

"मग आधी इथंच बसवू," ती म्हणाली. "कोट नाही, टाळ्या नाहीत. प्या."

"अगं, उशीर होतोय. पुढच्या चौकात लोक वाट बघताहेत."

इंजिनाच्या धक्क्यानं ग्लासातलं पाणी हिंदकळत होतं. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"घाई नाही," तो म्हणाला. "पिऊ द्या त्यांना."