अजून जड

“अजून जडच लागतोय.” बाबांनी पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून काढून लेकीच्या हातात दिला. “हवा अक्षरशः ओढून घ्यावी लागते. उद्या जहाजाच्या बुडाशी जायचंय मला. हलका कर जरा.”

जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ती सकाळपासून बसली होती. सगळा खोलून झाला होता. रबरी कड्या नव्या घातल्या, आतला पडदा उजेडात धरून पाहिला. कुठे चीर नाही, कचरा नाही. पाण्याखाली उतरणाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदाच होता, आणि तो तिला बाबांनीच शिकवला होता.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” आई आतून ओरडली. बाबा हसले, पण टेबलाला धरून.

तिने स्क्रू पाव फेरा सैल केला आणि स्वतः ओढून पाहिलं. हवा कशी अलगद आली. याहून हलका केला तर हा आपला आपणच गळत बसेल, पाण्याखाली सिलिंडर बघता बघता रिकामा होईल, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तरी बापाचा शब्द म्हणून तिने अजून पाव फेरा दिला. रेग्युलेटर फुसफुसायला लागला. आता ओढायचीसुद्धा गरज नव्हती, हवा न मागता तोंडात घुसत होती.

“आता बघा.”

बाबांनी तो दातांत धरला. खांदे पार कानापर्यंत चढले. “नाही गं. जडच.”

इतका वेळ ती यंत्राकडेच बघत होती. आता तिने बाबांकडे पाहिलं. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. तिने हात लांब करून टेबलाखाली जोडून ठेवलेला हवेचा सिलिंडर बंद केला.

“बाबा, तो ठेवा खाली. नुसता श्वास घ्या.”

“म्हणजे?”

“घ्या ना. घरातली हवा.”

त्यांनी घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

“कसा येतोय?”

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तसाच.”

बाबांनी रेग्युलेटर पुन्हा तिच्या पुढ्यात सरकवला.

“परत खोल,” ते म्हणाले. “तुझंच काहीतरी चुकलं असेल, ठमे. चुकलं असेल ना गं?”