टपरीच्या पुढचा डोंगर

"काका, आज काकूंनाही आणलंत! मग डाव पाच जणांचा मांडू का?"

चहावाल्यानं इतक्या मोकळेपणानं विचारलं, की ती होती तिथेच थांबली. डोंगराच्या निम्म्यावर ही टपरी. वर ताडपत्री, खाली चार खुर्च्या. तीन खुर्च्यांवर तीन म्हातारे पत्ते पिसत बसलेले. चौथी रिकामी होती आणि तिच्यावर एक उशी होती. उशी तिच्याच घरातली होती. वर्षभर ती हीच उशी शोधत होती.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बुटाची नाडी बांधायला घाईघाईनं खाली वाकला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

बावीस वर्षं! त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान रविवारी बंद असे, आणि रविवारी उजाडलं की हा माणूस डोंगरावर. दुपारी लालबुंद चेहऱ्यानं परत यायचा आणि जेवता जेवता सांगायचा. माथ्यावरचा वारा, एका बाजूला सरळ दरी, जेमतेम पाऊलभर वाट. मुलं हातातला घास हातातच धरून ऐकायची. तीही ऐकायची. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली, तरी गोष्टी काही संपल्या नाहीत. "मलाही न्या की एकदा," असं ती म्हणाली, की तो म्हणायचा, "अगं, तुझं डोकं गरगरेल." यंदा ती ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त झाली. कुणाला न विचारता तिनं बूट घेतले आणि आज सकाळी नवऱ्याच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

"पत्ते?" तिनं विचारलं.

"अगं, ते आपलं... दमल्यावर जरा..."

"दमतील कशानं? इथून पुढे ते कधी गेलेच नाहीत," म्हाताऱ्यांपैकी एक जण अगदी निरागसपणे म्हणाला. त्याच्या डोक्यावरची टोपी तिला ओळखीची वाटली. मग तिनं दुसऱ्याचं डोकं पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं. तिनं नवऱ्याला आजवर तीन टोप्या घेऊन दिल्या होत्या. तिन्ही माथ्यावरच्या वाऱ्यानं उडाल्या होत्या.

"डावात जिंकली हो," तिसरा ओशाळून म्हणाला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

आता आपण चिडणार, असं तिला वाटलं. तिनं त्यासाठी मोठा श्वासही घेतला. पण बाहेर पडलं ते हसू. असं हसू, की तिला त्या उशीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, पोट दुखायला लागलं. चहावाला धावत पाणी घेऊन आला, तर ते पितानाही ती हसत होती.

नवरा मात्र हसला नाही. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मला उंचीची भीती वाटते गं. पहिल्याच रविवारी इथूनच वरचा तो कडा पाहिला, आणि मी मागे फिरलो. घरी आलो तर पोरं दारातच. बाबा, वरून काय दिसलं? काय सांगणार होतो? एकदा सांगून बसलो, मग दर रविवारी पुढचं सांगावं लागलं."

म्हातारे पत्त्यांत तोंड खुपसून बसले होते. ऐकत तिघेही होते.

ती उठली. तिनं नवऱ्याचा हात धरला. चारचौघांत असा हात तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेल.

"चला."

"कुठे?"

"वर. आणखी कुठे!"

कडा अगदी त्यानं सांगितला होता तसाच निघाला. उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्यानं नीट माहिती काढलेली होती. वाट खरोखरच पाऊलभर होती. पण ती तीस वर्षं ग्रंथालयाच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली होती, एक हात फडताळाला आणि दुसऱ्या हातात जाडजूड शब्दकोश घेऊन. दरीनं तिचं काही वाकडं केलं नाही. उलट पोटात गुदगुल्या झाल्या. मोठ्यानं गावंसं वाटलं.

"खाली बघू नका. माझ्या पाठीकडे बघा."

"पाठीवर काय आहे?"

"पिशवी आहे. तिच्यावरची फुलं मोजा."

तो मोठ्यानं मोजायला लागला. "सतरा... अठरा... अगं, हलू नकोस, पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतील!" ती हसली, पिशवी आणखी हलली, तो आणखी ओरडला. एक्केचाळिसाव्या फुलावर पायांखाली रुंद जमीन आली.

माथ्यावर वारा होता. खराखुरा. तिचा अंबाडा सुटला, पदर उडाला. तिनं दोन्ही हात पसरून अशी आरोळी ठोकली, की समोरच्या डोंगरानं तिला उत्तर दिलं. मग नवऱ्यानंही ठोकली. मग दोघांनी मिळून. साठीच्या घरातली दोन माणसं गोल गोल फिरत होती, धापा टाकत होती आणि पुन्हा ओरडत होती.

पलीकडे तरुण मुलींचा घोळका होता. त्यांतली एक हसत पुढे आली. तिनं दोघांना पाणी दिलं आणि त्याला म्हणाली, "आजोबा, तुम्ही नेहमी येत असाल ना इथे? नवख्या माणसाला तो कडा जमत नाही."

त्यानं पाठ ताठ केली. घसा खाकरला. हे पाठ ताठ करणं ती चांगलं ओळखून होती. बावीस वर्षं प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची. तिनं श्वास रोखला.

त्यानं दरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"छे गं," तो म्हणाला, "पहिल्यांदाच आलोय. हिनं आणलं."