चार बटणं

“सातव्या ओळीत कंस उघडलाय, पण बंद झालेला दिसत नाही. शेवटी एक कंस लावून बघ.” सोनमनं वाक्य टाइप केलं आणि हळूच वाचून पाहिलं.

शाळेतल्या मुलांनी मराठीतून प्रोग्रामिंग शिकावं म्हणून तिची कंपनी एक भाषा बनवत होती. मुलाची ओळ चुकली की स्क्रीननं काय म्हणायचं, ते सोनम लिहायची. नुसतं ‘चुकलं’ म्हणायचं नाही. कुठं चुकलं ते दाखवायचं, पुढं काय करायचं ते सांगायचं. हा नियम तिनंच घातलेला.

“कुणाशी बोलतीस गं एवढं मायेनं?” तान्ह्या मल्हारची झोळी हलवत सासूबाईंनी, भागुबाईंनी विचारलं.

“पोरांशी, आत्या. दौंडच्या शाळेतली पोरं तीनला ऑनलाइन येतील. तेवढा वेळ याला बघा.”

तीनला पोरं आली. पहिल्याच मुलीची ओळ चुकली. तिनं संदेश वाचला, “अय्या, कळलं!” म्हणाली, आणि स्क्रीन अडकली.

सोनम बाहेर धावली. भागुबाई भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डापाशी उभ्या होत्या, बोट अजून बटणावर. वायफायचा दिवा गेलेला.

“परत तेच! तिसऱ्यांदा! भलतं बटण दाबू नका म्हणून किती वेळा सांगायचं? एवढं साधं कळत नाही?”

झोळीतलं बाळ दचकून रडायला लागलं.

“पंखा बंद करत व्हते. लेकराचं पाय गार पडलं व्हतं.” भागुबाई बोर्डाकडंच बघत राहिल्या. “समदी एकसारखी पांढरी. मेंढरं असती, तर तोंडावरून वळखली असती मी.”

सोनमनं बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. बोर्डावर चार बटणं. तीनदा ती ओरडली होती. बोट ठेवून एकदाही दाखवलं नव्हतं.

तिनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. भागुबाई देव्हाऱ्याकडं गेल्या.

जरा वेळानं आतून लॅपटॉपवर त्या मुलीचा आवाज आला, “बाई, आहात का? कंस लावला मी. चाललं!”



भागुबाई परत आल्या. कळपातल्या आपल्या मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करायच्या, तसं बोटावर कुंकू घेऊन. सुनेकडं न बघता त्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या.

“सांगा बाई, कुठल्यावर लावू?”

लाल बोट चार बटणांपुढं तसंच थांबलं होतं.