पडद्याआडचा भाऊ

"तो माझा भाऊ," टाचणी म्हणाली आणि दारातच आडवी उभी राहिली. "आत झोपलाय."

आरोग्यसेविकेने हातातलं पिवळं कार्ड पुन्हा वाचलं. नाव एका पुरुषाचं, पत्ता याच खोलीचा, आणि खाली लाल शाईत शेरा: क्षयरोग, उपचार अर्धवट सोडले.

"मग दवाखान्यात का येत नाही?"

"लाजतो."

भाऊबिऊ कुणी नव्हता. कार्डावरचं नाव टाचणीचंच होतं, आईबापांनी मुलगा समजून ठेवलेलं. कपड्यांच्या कारखान्यात ती दहा वर्षं मशीनवर होती. काटकुळ्या अंगामुळे टाचणी हे नाव तिथे पडलं. केस वाढवून, बाईचे कपडे घालून ती कामावर गेली, त्याच आठवड्यात मुकादमाने उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पुढे कुणी दारात उभं केलं नाही. चौकात हात पसरून झाला, मग कुणाच्या तरी पुड्या इकडून तिकडे पोचवून झाल्या. त्यात ती पकडली गेली. पुरुषांच्या कोंदट कोठडीतून चार महिन्यांनी बाहेर आली ती हा खोकला घेऊनच.

दवाखान्यात पुरुषांची रांग तिला ढकलायची आणि बायकांची रांग आत घ्यायची नाही. खिडकीतला माणूस कार्डावरचं नाव तीनदा ओरडायचा. ती पुढे झाली की सगळे हसायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने जाणं सोडलं. आता जिना चढताना तिला दोनदा बसावं लागत होतं.

"गोळ्या माझ्याकडे द्या. मी देते त्याला."

"तसं चालत नाही. रोज माझ्या डोळ्यांदेखत गिळायच्या. सहा महिने. न पाहता सही मी कधी केलेली नाही."

"तुम्ही आत गेलात तर तो खिडकीतून उडी मारेल."

"मजला कितवा हा?"

"तिसरा."

"मग नको," म्हणत बाई आत आल्या.

खोली एकच. दारालगत शिलाईचं मशीन. पलीकडे गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघावेत म्हणून उरल्यासुरल्या कापडाचा पडदा, कडेला वीतभर तोकडा; त्यामागे खाट. समोरच्या भिंतीला टेकवलेला उंच आरसा. त्यात बघायला गिऱ्हाईक मात्र महिन्यातून एखादंच यायचं.

टाचणीने खुर्ची पुढे केली. बाई बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि उठून कोपऱ्यातलं आखूड पायाचं स्टूल ओढलं. दोनदा सरकवलं. "फरशी वरखाली आहे तुमची. हं, द्या त्याला."

चार गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन टाचणी पडद्यामागे गेली. गोळ्या गिळल्या, आवाज जाड करून एकदा हुंकारली आणि बाहेर आली. बाई कार्डावर सही करत होत्या.

न पाहता सही करत नाहीत म्हणे. टाचणी मनातल्या मनात हसली. शिकलेल्या माणसांचं सगळं बोलण्यापुरतंच. पण तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

रविवार सोडून बाई रोज अकराला यायच्या आणि त्याच स्टुलावर बसायच्या.

"खुर्ची चावते का हो तुम्हाला?"

"कंबर लाडावते माझी. भाऊ जेवतो का?"

"दोन घास."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून सहा अंडी काढली. "भावासाठी आहेत. तुम्ही खाल्लीत तरी मला काही कळणार नाही."

दुसऱ्या महिन्यात गोळ्या नकोशा झाल्या. पोटात ढवळायचं. एकदा टाचणीने तीन गिळल्या, चौथी उशीखाली सारली आणि तोंड पुसत बाहेर आली. बाईंनी पेनाचं टोपण काढलंच नव्हतं.

"एखादी राहिली असेल तर थांबते मी. घाई नाही."

घरोघरी हेच विचारत असतील, असं टाचणीला वाटलं. तरी ती मुकाट्याने आत गेली आणि चौथी गिळून आली.

चौथ्या महिन्यात ती एका दमात जिना चढली. बाईंच्या पिशवीचा उसवलेला बंद तिने शिवून दिला. हळूहळू मनाला टोचायला लागलं. इतक्या भोळ्या बाईला आपण फसवतोय. पण खरं सांगितलं की कार्ड परत त्या खिडकीत जाणार, आणि तिकडे ती मेली तरी जाणार नव्हती. तिने तोंड बंद ठेवलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी सही केली आणि कार्ड तिच्या हातात ठेवलं. "गेल्या आठवड्यात डबीत दिलेल्या थुंकीचा रिपोर्ट आला. जंतू नाहीत. भावाला सांगा, शहाणा आहे. एकही दिवस चुकला नाही."

"सांगते." टाचणीने सहा महिने घोकलेलं वाक्य काढलं. "तो आता जाणार आहे. लांब, कामासाठी."

"जाऊ दे. तुम्ही राहा." बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "दवाखान्याला बारा एप्रन शिवून हवेत. मापं घ्यायला तिकडे यावं लागेल."

टाचणीने हातातलं कार्ड मिटलं.

"खिडकीवर आता नाव पुकारत नाहीत. नंबर पुकारतात. पाच महिने झाले."

"असं कसं झालं?"

"भांडले मी. लाजणारी माणसं बरीच असतात हो."

पावलं जिन्यावरून खाली गेली. बारा एप्रनांना कापड किती लागेल, याचा विचार करत टाचणी जवळच्या स्टुलावर टेकली. बाई येऊ लागल्यापासून त्यावर ती कधी बसलीच नव्हती. स्टूल डुगडुगलं. तोल सावरत तिने समोर पाहिलं.

आरशात, पडद्याच्या कडेच्या वीतभर फटीतून, खाट दिसत होती. उशी, उशीजवळचा रिकामा पेला, आणि ती बसायची तिथे चादरीला पडलेला खळगा.

तिने हातातलं कार्ड उघडलं. एकशे छप्पन्न सह्या होत्या, आणि त्यातली एकही न पाहता केलेली नव्हती.