शंभरामागे दोन रुपये

“गुरुजी, शंभर रुपयाच्या चहापत्तीले काहून कार्ड काढून राहिले? नोट द्या ना,” डिंपल म्हणाली.

रघुनाथरावांच्या सदऱ्याच्या खिशात शंभराची कोरी नोट होती. पातळ कापडातून ती दिसतही होती. तरी त्यांनी कार्डच पुढे केलं.

“दोन रुपये वरून लागतीन.”

“लागू दे.”

डिंपलने गल्ल्याखालून मशीन काढलं आणि ओढणीने पुसलं. पांढुर्ण्यात आता संत्र्याच्या हातगाडीवरही स्कॅन करायचा कागद चिकटवलेला होता. मशीनचं भाडं ती या एका गिऱ्हाईकापायी भरत होती. पण गिऱ्हाईक म्हणजे मोहगावच्या शाळेत तिला पाढे शिकवलेले गुरुजी. बोलून बोलून बोलणार तरी किती?

स्कॅनचं गुरुजींना जमण्यासारखं नव्हतं. त्यांचा फोन बटणांचा. पेन्शनचं खातं बापलेकांच्या नावे होतं आणि बँकेत नंबर लावलेला होता लेकाचा, कुणालचा. इथे कार्ड चाललं की पुण्याला त्याच्या फोनवर मेसेज जाई. म्हाताऱ्याला कोणी ठकवत तर नाही ना, या धास्तीने तो लगेच फोन करी. तुम्हीच ना बाबा? मीच रे. मग जेवलात का, गुडघा कसा आहे, यात दोन मिनिटं जात. कधी चारही. एरवी गुरुजींनी आपणहून फोन लावला की पोरगा नेमका मीटिंगमध्ये असे.

बायको गेल्यापासून त्यांच्या घरात फक्त कुकर बोलत होता. त्यामुळे ही युक्ती ध्यानात आल्यापासून गुरुजी दर दोन दिवसांनी बाजारात येत. घरी चहापत्तीचे सतरा पुडे साठले होते, आणि ते स्वतः चहा एकदाच पीत. दोन रुपयांत पोराचा आवाज ऐकू येत होता. एवढी स्वस्त वस्तू अख्ख्या बाजारात दुसरी नव्हती.

पिन दाबून झाला, पावती निघाली. गुरुजी दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी फोन मांडीवर ठेवला. डिंपलला वाटलं, गुडघा दुखत असेल.

“लोधीखेड्याच्या भैय्याजीचं ऐकलं का?” ती आतूनच म्हणाली. “तीनदा पिन चुकला, कार्ड बंद! खातं बापलेकायचं, तं नव्या कार्डाले पोराची सही पायजे म्हने. सुरतहून आला बिचारा. चार दिवस रायला.”

गुरुजींनी ऐकलं होतं. भैय्याजींनी स्वतःच सांगितलं होतं. तक्रार म्हणून सांगत होते, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला होता.

फोन वाजला.

“बाबा, तुम्हीच ना?”

“मीच रे. चहापत्ती घेतली.”

“बरं, ऐका. आज एक काम करून टाकलं. पाच हजारांच्या खालचे मेसेज बंद केले. उद्यापासून येणारच नाहीत. दर वेळी मी पोलिसासारखा विचारतो, मलाच कसंतरी वाटते. तुमचे पैसे आहेत, बाबा. मनसोक्त खर्च करा. आता तुम्हाला कोणी विचारणार नाही.”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही. खुश?”

“हाव,” गुरुजी म्हणाले. “खुश.”

“ठेवतो मग. मीटिंग आहे.”

जेवलात का, हे विचारायचं आज राहूनच गेलं.

गुरुजी पायरीवर बसून राहिले. पोराने चांगुलपणाच केला होता, राग तरी कोणावर धरायचा? भर बाजारात रडायची लाज वाटली. त्यांनी चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला. येणारे-जाणारे ओळखीचे लोक नमस्कार करत होते, थांबत कोणी नव्हतं. पाच हजारांची चहापत्ती काही घेता येत नाही, एवढं गणित त्यांना तोंडी येत होतं.

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

“डिंपल, साबण दे.”

“एका साबणाले कार्ड नाही चालत, गुरुजी.”

“मग शंभराचे दे.”

त्यांनी कार्ड मशीनमध्ये सरकवलं. पिन चुकला.

“सावकाश टाका. आत्ताच तर बरोबर टाकला तुम्ही.”

पुन्हा चुकला.

डिंपलने मशीनवर हातच ठेवला. “थांबा! आता चुकला तं कार्ड बंद पडन. भैय्याजीवानी होईन. नोट द्या, नाहीतर तसेच घेऊन जा. पैशाचं मंग पाहू.”

गुरुजींनी तिचा हात हळूच बाजूला केला. चष्मा नाकावर नीट बसवला आणि चार आकडे एकेक करून दाबले. मशीन दोनदा ओरडलं आणि गप्प झालं.

“गेलं!” डिंपलने कपाळावर हात मारला. “असा कोणता कठीण पिन होता बाप्पा, का गणिताच्या मास्तरले याद नाही रायला?”

गुरुजींनी खिशातली शंभराची नोट काढून तिच्यापुढे ठेवली.

“कुणालची जन्मतारीख,” ते म्हणाले.