सुपरवायझरची सही

तंजावूरच्या एका बस कंपनीत चिदंबरराव वीस वर्षं वर्कशॉपचे सुपरवायझर होते. बढती काही मिळेना. शेवटी १९६२ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मद्रासला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. साठवलेली सगळी रजा मद्रासच्या खेपांत संपली.

शेवटचा प्रबंध त्यांनी आपल्याच वर्कशॉपवर लिहायला घेतला. तीन आठवडे घड्याळ हातात धरून उभे राहिले, तेव्हा कळलं, की गाड्या दुरुस्तीसाठी खोळंबत नाहीत, सुपरवायझरच्या सहीसाठी खोळंबतात. मेकॅनिकांनीच सही केली तर सुपरवायझर लागतच नाही!

"आणि हे तुम्ही लिहिणार?" त्यांच्या पत्नी चंद्रमतीबाईंनी डोक्याला हात लावला.

"खरं तेच आहे. दुसरं काय लिहू?"

"लिहा बापडे. पण मालकांच्या नजरेला पडू देऊ नका."

प्रबंधाला पहिला नंबर मिळाला. संस्थेने मोठ्या कौतुकाने त्याची एक प्रत थेट कंपनीच्या मालकांना, मुदलियारांना, धाडली.

दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

"राव, अक्षर न् अक्षर पटलं," मुदलियार म्हणाले. "एक तारखेपासून तुमची जागा रद्द."

चिदंबरराव उठले आणि दाराकडे वळले.



"अहो, निघालात कुठे? कुंभकोणम आणि मन्नारगुडीच्या वर्कशॉपांतल्या सुपरवायझरांनाही हे पटवून द्यायला मला एक जनरल मॅनेजर हवाय!"