साडेसात नंबर

परमुलखातल्या हॉटेलात भांडी घासणारा हा माणूस मूळचा सर्जन. कामाआधी कोपरापर्यंत हात असे घासायचा, की म्हणे गावाची टाकी आटायची. मग ओले हात छातीसमोर उंच धरून क्षणभर थांबायचा.

"पिस्तूल रोखलंय का रे कुणी?" मुकादम खिदळायचा. ही खोड सोडायची, असं तो रोज ठरवायचा. पण हात ऐकतील तर शपथ!

आजही सगळे हसले. फरशी पुसणारी नवी बाई तेवढी फडकं टाकून पुढे आली. भांड्यांचे रबरी हातमोजे ताणून तिनं त्याच्यासमोर उघडे धरले.

"साडेसात नंबरचे नाहीत, सर."

किती वर्षांनी हात असे अलगद आत सरकले!

"चालतील, सिस्टर. पेशंट कोण?"

"कढई, सर. फार भाजलीय."